कॅसिनो-चिप संग्राहकांच्या क्लबचे जुने अंक कसे वाचावेत

नाणी, नोटा आणि टपाल तिकिटे जमवणाऱ्या मराठी संग्राहकांपैकी काही जण आता कॅसिनोच्या चिप्सकडेही, म्हणजे जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी वापरल्या जाणाऱ्या चकत्यांकडेही, वळू लागले आहेत. परदेशातील नातेवाइकांनी सहज म्हणून आणलेल्या दोन-चार चिप्सपासून ही सुरुवात होते आणि लवकरच एक प्रश्न उभा राहतो: ही चिप कोठली, केव्हाची आणि किती जणांकडे असेल? चिपवर बहुधा साल नसते. कित्येकदा गावाचे नावही नसते. नाण्यांच्या बाबतीत टांकसाळीचे अहवाल मदतीला येतात, तसे येथे काही नाही. त्यामुळे जुन्या चिपची ओळख पटवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे संग्राहकांच्या क्लबने त्या त्या वेळी छापलेली नियतकालिके. ती कशी मिळवावीत, कोणत्या क्रमाने वाचावीत आणि त्यांतील कशावर विश्वास ठेवावा, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

येथे विचार केला आहे तो अमेरिकेतील ‘कॅसिनो चिप अँड गेमिंग टोकन कलेक्टर्स क्लब’ या संस्थेच्या अंकांचा. आर्ची ब्लॅक यांनी हा क्लब १९८८ मध्ये स्थापन केला. त्याचे त्रैमासिक ‘कॅसिनो चिप अँड टोकन न्यूज’ या नावाने निघत असे. पुढे संस्थेने ‘कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन’ हे नाव घेतले आणि नियतकालिकाचे नावही त्यानुसार बदलले. जुना अंक शोधताना ही दोन्ही नावे लक्षात ठेवावी लागतात, कारण विक्रेते आणि ग्रंथालये कधी एक नाव नोंदवतात, तर कधी दुसरे.

या अंकांचे मोल त्यांच्या काळात आहे. १९८८ मध्ये व्यापारी कॅसिनो कायदेशीर असलेली राज्ये अमेरिकेत दोनच होती: १९३१ पासून नेवाडा आणि अटलांटिक सिटीपुरते न्यू जर्सी, जिथे पहिले कॅसिनो १९७८ मध्ये उघडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मूलनिवासी जमातींच्या भूमीवरील जुगाराचे नियमन करणारा संघीय कायदा झाला. १९८९ मध्ये साउथ डकोटातील डेडवुड, १९९१ मध्ये आयोवातील नदीवरच्या बोटी आणि कोलोरॅडोतील डोंगराळ गावे, तर १९९२ मध्ये कनेक्टिकटमधील फॉक्सवुड्स आणि मिसिसिपीचा किनारा, असा हा विस्तार झपाट्याने होत गेला. दुसरीकडे जुनी नावे पुसली जात होती. अटलांटिक सिटीतील अटलांटिस १९८९ मध्ये बंद झाले, लास व्हेगासमधील लँडमार्क १९९० मध्ये, ड्यून्स १९९३ मध्ये आणि सँड्स व हसिएंडा १९९६ मध्ये. हे सारे घडत असताना क्लबचे सभासद दर तिमाहीला याद्या करत होते, म्हणजेच हे अंक घटनांच्या वेळीच लिहिलेली नोंदवही आहेत. नंतरच्या किंमत-मार्गदर्शकांत ती माहिती गाळून, आखडून येते. मूळ अंकात ती तारखेसह मिळते, आणि संग्राहकाला खरी गरज असते ती तारखेचीच.

पहिली पायरी: प्रश्न ठरवून मगच अंक उघडावा

अंकांचा गठ्ठा हाती आला की पहिल्या पानापासून वाचत सुटण्याचा मोह होतो. असे वाचन आनंदाचे असते, पण आठवड्याने त्यातले काहीच आठवत नाही. त्यापेक्षा आपल्याजवळच्या पाच-सात अनोळखी चिप्स टेबलावर ठेवाव्यात आणि प्रत्येकीसाठी एक कागद करावा. त्यावर चिपवर जसे दिसते तसेच लिहावे: दर्शनी मूल्य, मूळ रंग, कडेवर बसवलेल्या वेगळ्या रंगाच्या कापांची संख्या व रंग, मधोमध छापील चकती बसवली आहे की अक्षरे तापवलेल्या ठशाने उमटवली आहेत, आणि कडेलगतच्या कड्यात कोणता साचा दिसतो. या कड्यातील साचा ही चिपची पहिली ओळखखूण आहे. टोपी आणि काठी असलेला साचा पॉल-सन या लास व्हेगासच्या कंपनीचा, तर लहान मुकुटाचा साचा लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंग कंपनीचा. काही कॅसिनोंनी कड्यात स्वतःचे नावच कोरून घेतले होते. त्याला संग्राहक ‘हाउस मोल्ड’ म्हणतात.

हे वर्णन अंक उघडण्याआधीच लिहून काढावे, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. छायाचित्र पाहिल्यावर आपले डोळे आपल्याला हवे तेच चिपवर पाहू लागतात. आधी लिहिलेले वर्णन त्या भुलीपासून वाचवते.

दुसरी पायरी: अंक मिळवणे आणि त्यांची हजेरी घेणे

छापील अंक क्लबचे जुने सभासद, नाणे-साहित्याचे विक्रेते आणि लिलावाची संकेतस्थळे यांच्याकडे मिळतात. भारतात मागवताना टपालखर्च अंकाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो, म्हणून सुटे अंक न घेता सलग वर्षांचा संच एकदम मागवणे परवडते. डिजिटल प्रतींसाठी आधी क्लबकडे विचारणा करावी. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाशी जोडलेल्या न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर नाणकशास्त्रीय नियतकालिकांचा मोठा साठा विनामूल्य वाचता येतो. तेथेही क्लबच्या दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

अंक मिळाले की एका वहीत किंवा एक्सेलमध्ये त्यांची हजेरी लावावी. खंड, अंक, मुखपृष्ठावरील काळ, पृष्ठसंख्या, फाटलेली किंवा गहाळ पाने आणि मधल्या पुरवण्या, इतके रकाने पुरतात. गहाळ अंकाची ओळ रिकामी ठेवावी, गाळू नये. पुढे एखाद्या चिपचा उल्लेख ‘मागील अंकात पाहा’ असा आला आणि तो मागील अंकच आपल्याकडे नसला, तर निष्कर्ष अर्धवट आहे हे त्या रिकाम्या ओळीमुळे ध्यानात राहते.

अमेरिकी त्रैमासिकांवर महिन्याऐवजी ऋतूचे नाव असण्याची पद्धत आहे. तेथील हिवाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असा दोन वर्षांत विभागलेला असल्याने ‘विंटर’ असे छापलेल्या अंकाचे साल मुखपृष्ठावरून गृहीत न धरता आतल्या संपादकीयावरून किंवा खंड-क्रमांकावरून निश्चित करावे. शिवाय मजकूर छपाईला जाण्याआधी कित्येक आठवडे गोळा झालेला असतो. अंकावरची तारीख ही माहिती छापल्याची तारीख आहे. चिप कॅसिनोत आल्याची तारीख त्याआधीची असते.

तिसरी पायरी: याद्यांपासून सुरुवात

सर्वसाधारण वाचक आधी सचित्र लेख वाचतो. संग्राहकाने उलट करावे आणि आधी बारीक टाइपातल्या याद्या वाचाव्यात. लेखांत एखाद्या निवृत्त डीलरच्या, म्हणजे कॅसिनोच्या टेबलावर खेळ चालवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, आठवणी असतात, जुन्या कॅसिनोचा इतिहास असतो. ते सारे वाचनीय असते, पण तीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत साल चुकू शकते. याद्या मात्र कोणीतरी त्या महिन्यात चिप हातात धरून केलेल्या असतात.

याद्या वाचताना एक भेद डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो: नव्याने निघालेली चिप आणि नव्याने सापडलेली चिप. दोन्ही बातम्याच, आणि अनेकदा त्या शेजारीशेजारी छापलेल्या असतात. १९९३ च्या अंकात मिसिसिपीतील नव्या बोटीची चिप आली असेल, तर ती त्या सुमारास वापरात आली असे म्हणता येते. त्याच पानावर अटलांटिक सिटीतील प्लेबॉय कॅसिनोची एखादी चिप आली असेल, तर तिथे १९९३ हे साल फक्त सापडण्याचे आहे. प्लेबॉय १९८१ मध्ये सुरू झाले, कायमचा परवाना नाकारला गेल्यामुळे त्या कंपनीला बाहेर पडावे लागले आणि १९८४ मध्ये तेथील नाव अटलांटिस झाले. म्हणजे खरी प्लेबॉय-चिप १९८१ ते १९८४ या काळातलीच असणार, अंक कोणताही असो. म्हणून प्रत्येक चिपपुढे दोन रकाने ठेवावेत: ‘याच्या आधीची नाही’ आणि ‘याच्या नंतरची नाही’. पहिला रकाना बहुधा कॅसिनोच्या इतिहासावरून भरतो, दुसरा अंकाच्या तारखेवरून किंवा कॅसिनो बंद झाल्याच्या दिवसावरून.

१९९० च्या दशकाच्या मध्यातील याद्या विशेष बारकाईने पाहाव्यात. त्या काळी आलेले कित्येक कॅसिनो फार टिकले नाहीत. मिसिसिपीतील टुनिका येथील स्प्लॅश १९९२ मध्ये सुरू झाले आणि १९९५ मध्ये बंदही झाले. अशा ठिकाणी कोणत्या मूल्याच्या किती प्रकारच्या चिप्स होत्या याची वेळच्या वेळी झालेली नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते.

जुने अंक कृष्णधवल असल्याने रंग शब्दांत दिलेले असतात, आणि हे शब्द प्रत्येक नोंद करणाऱ्याचे वेगळे असतात. एकाचा ‘मरून’ तो दुसऱ्याचा ‘बर्गंडी’, एकाचा ‘फिकट निळा’ तो दुसऱ्याचा ‘राखाडी’. यावर उपाय एकच आहे. आपल्याजवळ खात्रीने ओळखलेली एखादी चिप असेल, तर त्या नोंदकर्त्याने तिचा रंग कसा लिहिला आहे हे आधी पाहावे आणि त्यावरून त्याची भाषा समजून घ्यावी. मूळ रंगाच्या बाबतीत थोडा आधार प्रघाताचाही मिळतो. पाच डॉलरला लाल, पंचवीसला हिरवा आणि शंभरला काळा हा प्रघात नेवाडात बराच पाळला गेला, तर न्यू जर्सीत मूल्यानुसार रंग सरकारी नियमानेच ठरलेले होते. पाच डॉलरची चिप यादीत हिरवी लिहिली असेल, तर एक तर ती खरोखरच वेगळी आहे किंवा छपाईची चूक आहे. पुढच्या दोन अंकांतील दुरुस्त्या पाहिल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

चौथी पायरी: एकाच नावाची अनेक घरे

या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. ‘सँड्स’ हे नाव घ्या. लास व्हेगासचे सँड्स डिसेंबर १९५२ मध्ये उघडले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याचा मनोरा सुरुंगाने पाडला गेला. अटलांटिक सिटीत १९८० मध्ये ब्रायटन या नावाने सुरू झालेले कॅसिनो पुढच्याच वर्षी सँड्स झाले आणि २००६ पर्यंत चालले. रेनो शहरात आणखी एक सँड्स होते. तिन्हींची नावे चिपवर मोठ्या अक्षरांत आणि गाव बारीक अक्षरांत किंवा मुळीच नाही, असे असू शकते. माझ्याकडे एका मिश्र गठ्ठ्यातून आलेली लाल सँड्स-चिप मी बरेच दिवस व्हेगासच्या पाकिटात ठेवली होती. अंक चाळताना तिचे तंतोतंत वर्णन न्यू जर्सीच्या यादीत दिसले तेव्हा भिंग घेऊन मधली चकती पुन्हा पाहिली. घासून पुसट झालेल्या ओळीत ‘ए’ आणि ‘सी’ ही अक्षरे तिरप्या प्रकाशातच वाचता आली.

तेव्हापासून मी नावांचा एक स्वतंत्र तक्ता ठेवतो आणि प्रत्येक संग्राहकाने तो ठेवावा असे मला मनापासून वाटते. त्यात एकेका जागेवरील कॅसिनोची नावे कालक्रमाने लिहावीत. लास्ट फ्रंटियर १९४२ मध्ये आले, १९५५ मध्ये न्यू फ्रंटियर झाले, १९६७ मध्ये नव्या इमारतीसह फ्रंटियर झाले. पहिले अल्लादीन १९६६ पासून होते, त्याचे हॉटेल १९९८ मध्ये पाडले, त्याच जागी २००० मध्ये दुसरे अल्लादीन उभे राहिले आणि २००७ मध्ये ते प्लॅनेट हॉलिवूड झाले. गोल्डन नगेट लास व्हेगासमध्ये १९४६ पासून आहे, पण १९८० ते १९८७ या काळात अटलांटिक सिटीतही याच नावाचे कॅसिनो होते. असा तक्ता हाताशी असला की अंकातील ‘अल्लादीन, १ डॉलर’ एवढ्या त्रोटक नोंदीसाठी अंकाची तारीखच पुरेशी ठरते, कारण १९९८ पूर्वीच्या अंकात दुसरे अल्लादीन येऊच शकत नाही.

पाचवी पायरी: जाहिराती आणि किमती

जाहिरातींची पाने ओलांडून पुढे जाऊ नये. टपालाने बोली लावण्याच्या याद्या, अदलाबदलीच्या छोट्या जाहिराती आणि ‘हवी आहे’ अशी निवेदने यांतून बाजारात त्या वेळी काय सहज मिळत होते आणि कशासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत होते, हे थेट दिसते. एकाच चिपसाठी पाच वर्षे ‘हवी आहे’ अशी जाहिरात येत असेल, तर तिच्या दुर्मिळतेचा तो कोणत्याही श्रेणीपेक्षा बोलका पुरावा आहे.

किंमत मात्र आजच्या व्यवहारासाठी वापरू नये, वर किंवा खाली कोणत्याही दिशेने. एखादी चिप तीसच जणांकडे आहे असे १९९१ मध्ये प्रामाणिकपणे छापले गेले असेल आणि चार वर्षांनी एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या घरातून शंभर चिप्सची अख्खी पेटी निघाली असेल. दुर्मिळतेच्या आर-१ ते आर-१० अशा श्रेणीत मोठा आकडा अधिक दुर्मिळ मानतात, पण ती श्रेणी त्या दिवशीच्या माहितीवर दिलेली असते. म्हणून श्रेणी उतरवून घेताना तिच्यापुढे अंकाची तारीख लिहावी. तारखेविना लिहिलेली श्रेणी पुढे आपल्यालाच फसवते.

स्मरणार्थ काढलेल्या मर्यादित आवृत्तीच्या चिप्सच्या जाहिराती १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. मुष्टियुद्धाचा सामना, गायकाचा कार्यक्रम, वर्धापनदिन अशा निमित्ताने कॅसिनो ठरावीक संख्येच्या चिप्स काढत. पाच डॉलरची चिप पाहुण्याने घरी नेली आणि परत वटवली नाही, तर ती बनवण्याचा खर्च वजा जाता बाकी कॅसिनोची कमाई, हे त्यामागचे साधे गणित होते. या जाहिरातींतील आवृत्तीचा आकडा मात्र उपयोगी असतो, तो अवश्य टिपून ठेवावा.

टोकनची पाने वेगळी काढावीत. चांदीच्या डॉलरची टंचाई झाल्यावर १९६५ पासून फ्रँकलिन मिंटने नेवाडाच्या कॅसिनोंसाठी डॉलरच्या आकाराची टोकन पाडली आणि नाणे टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्रांत ती चालू लागली. कागदी पावतीने पैसे देणारी यंत्रे आल्यावर ती वापरातून गेली. हा विषय इतका स्वतंत्र आहे की चिप्सच्या नोंदींत तो मिसळला तर दोन्हींचा गोंधळ होतो.

सहावी पायरी: पत्रे, दुरुस्त्या आणि बनावट माल

माझ्या मते अंकातील सर्वांत मोलाचा मजकूर वाचकांच्या पत्रांत आणि दुरुस्त्यांत असतो. आधीच्या अंकातील विधान चुकीचे का, हे लिहिताना पत्रलेखक आपला पुरावा देतो आणि तो पुरावाच आपल्याला हवा असतो. त्यामुळे एखादी नोंद सापडली की पुढचे किमान चार अंक, म्हणजे एक वर्ष, त्याच चिपचा पाठपुरावा करावा.

बेकायदा जुगार-क्लबांच्या चिप्स हा यातील सर्वांत कठीण भाग. नेवाडाबाहेर बंदीच्या काळातही जुगाराचे अड्डे चालत आणि त्यांच्या चिप्सवर नावाऐवजी दोन-तीन आद्याक्षरेच असत. अशा चिप्सची ओळख पटली ती मेसन किंवा टी. आर. किंग यांच्यासारख्या उत्पादकांच्या जुन्या मागणी-नोंदींवरून. कोणत्या आद्याक्षरांच्या किती चिप्स कोणत्या पत्त्यावर पाठवल्या, हे त्या नोंदींत आहे. अंकातील ओळख अशा नोंदीवर आधारलेली असेल, तर ती भक्कम मानावी. ‘अमुक गावात विकत घेतली, म्हणून तेथील क्लबची’ एवढाच आधार असेल, तर पेन्सिलने लिहून पुढे प्रश्नचिन्ह करावे.

नकली मालाविषयीचे इशारे वेगळ्या फाइलमध्ये जमवावेत. चार प्रकार नेहमी आढळतात: कॅसिनोने कधीच न मागवलेली, केवळ संग्राहकांना विकण्यासाठी बनवलेली काल्पनिक चिप, कोऱ्या जुन्या चिपवर नव्याने ठसा मारलेली, रद्द करताना पाडलेले भोक किंवा खाच भरून काढलेली, आणि सरळसरळ बनावट. जुना अंक येथे निर्णायक ठरतो. तीस वर्षांच्या याद्यांत कोठेही न दिसलेली चिप अचानक चकचकीत अवस्थेत बाजारात आली, तर खरेदीआधी थांबावे. अर्थात यादीत नसणे म्हणजे खोटी असणे नव्हे. तो फक्त अधिक तपासाचा इशारा आहे.

चिप्स बाद करण्याच्या सूचनाही टिपाव्यात. नेवाडाच्या नियमांनुसार कॅसिनोला जुन्या चिप्स बंद करताना त्या वटवण्यासाठी किमान १२० दिवसांची मुदत द्यावी लागते आणि त्यानंतर उरलेल्या चिप्सची रीतसर विल्हेवाट लावावी लागते. अशी सूचना सापडली, तर त्या चिपचा शेवट जवळजवळ दिवसासह कळतो.

सातवी पायरी: जतन आणि नोंदणी

आपल्याकडच्या पावसाळ्यात गुळगुळीत कागदाचे अंक ओल धरतात आणि पाने एकमेकांना चिकटतात. चिकटलेली पाने ओढू नयेत. ओलसर असतानाच ती हळूहळू सोडवून वारा खेळत्या जागी वाळवावीत, कारण असा कागद चिकटलेल्या अवस्थेत वाळला तर पाने कायमची जुळतात. पिनांना गंज चढला असेल, तर त्यांची टोके मागून सरळ करून त्या काढाव्यात आणि सुती दोऱ्याने टाके घालावेत. अंक उभे ठेवण्यापेक्षा कागदी पेटीत आडवे ठेवावेत आणि लोखंडी कपाटात वर्षातून दोनदा सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात.

स्कॅन करताना छापील छायाचित्रांतील बारीक ठिपक्यांमुळे चित्रावर लाटा उमटतात. ६०० डीपीआयवर घेऊन स्कॅनरमधील ‘डीस्क्रीन’ सोय वापरली की त्या बऱ्याच कमी होतात. मजकूर शोधण्यायोग्य केला, तरी चित्रातील चिपवरचे नाव त्यात येत नाही, म्हणून हाताने केलेल्या सूचीला पर्याय नाही. एका अंकाची सूची करायला दोन संध्याकाळी लागतात, आणि एकदा ती झाली की तो अंक पुन्हा आरंभापासून चाळावा लागत नाही.

जुन्या अंकांत सभासदांची नावे आणि घरचे पत्ते सर्रास छापलेले असत. त्यांच्याकडे मौल्यवान संग्रह आहेत हेही त्यावरून कळते. अशी पाने स्कॅन करून कोणाला पाठवू नयेत, आणि छायाचित्रे स्वतःच्या अभ्यासापलीकडे वापरायची असतील, तर क्लबची परवानगी घ्यावी.

गोव्याच्या चिप्स

मराठी संग्राहकाच्या सर्वांत जवळचे कॅसिनो गोव्याचे. तेथील १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना वाट मिळाली, आणि त्यातून मांडवीवरच्या बोटी आल्या. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे महाराष्ट्राची म्हणावी अशी चिप नाही. गोव्यातील बोटींची नावे आणि मालक बदलत आले आहेत, आणि सँड्स किंवा अल्लादीनच्या बाबतीत जो गुंता होतो तोच येथेही होणार. चिप हे कॅसिनोचे साधन असते, म्हणून ती जवळ ठेवता येईल का हे कॅशियरच्या खिडकीवर विचारावे. परवानगी मिळाली, तर त्याच दिवशी कागदावर बोटीचे नाव, तारीख, मूल्य, रंग, कडेचे काप, साचा आणि मधल्या चकतीवरचा मजकूर अक्षरशः उतरवून तो कागद चिपच्या पाकिटात ठेवावा. त्या वेळी ती चिप टेबलावर चालू होती की साठवणीतून मिळाली, हेही त्यावर लिहावे.